जोडीतली बंदूक

धान कापून झाला होता, शेतातल्या बांध्या मोकळ्या पडल्या होत्या आणि हेमेंद्र बिसेनच्या हातात बंदुकीच्या परवान्याचं पुस्तक आलं होतं. साल दोन हजार सात, नोव्हेंबर. पुस्तक मिळून आठ दिवस झाले तरी तो ते शर्टाच्या खिशात घालून फिरत होता. पाणी भरायला गेला तरी खिशात पुस्तक.

परवाना शिकारीचा नव्हता. शिकारीचे दिवस आजोबांबरोबरच गेले. हा खेळाचा परवाना होता. कोहमाऱ्याच्या ढाब्यांमागे, हमरस्त्यापासून अर्धा कोस आत, फौजेतून निवृत्त झालेल्या उदाराम सुभेदारांनी आपल्या शेतात नेमबाजीचं मैदान केलं होतं. दोरी ओढली की तबकडी फेकणारं एक लोखंडी यंत्र त्यांनी बसवलं होतं. शहरातल्या तबकड्या परवडत नाहीत म्हणून गावच्या कुंभाराकडून गिरणीतल्या कोंड्याची राख आणि बोडीतला, म्हणजे गावतळ्यातला, गाळ मिसळून बश्या करून घेतल्या होत्या. उडणाऱ्या बशीला छर्रा लागला की तिचा करडा धूर व्हायचा. कापणी ते पेरणी दर रविवारी दहा-बारा माणसं जमायची.

हेमेंद्रच्या अंगात हा खेळ कुठून शिरला असं विचारलं तर तो म्हणायचा, "आमी माळव्यातून आलेले लोक. हत्यार रक्तातच आहे." खरं कारण एवढं जुनं नव्हतं. खरं कारण शेजारच्या खोलीत राहत होतं आणि त्याचं नाव होतं धनेंद्र.

धनेंद्र त्याचा चुलतभाऊ. अकरा दिवसांनी मोठा. त्याचे वडील लवकर गेले, तेव्हा हेमेंद्रच्या वडिलांनी, जीवनलालजींनी, पुतण्याला पोटच्या पोरासारखं वाढवलं. सगळ्या गावाने वाहवा केली. पोटच्या पोराला कसं वाढवलं हे कोणी विचारलं नाही. शाळेत पहिला धनेंद्र, दुसरा हेमेंद्र. पोहण्यात, कबड्डीत, धानाचं नवं बियाणं आणण्यात, सगळीकडे तोच क्रम. धनेंद्र स्वभावाने वाईट असता तर एक वेळ बरं झालं असतं, त्याचा राग तरी करता आला असता. पण तो भला होता, हसरा होता, आणि आपण कोणाच्या पुढे आहोत हे त्याच्या गावीही नसायचं. हेमेंद्रला त्याचा हेवा वाटायचा. सकाळी उठल्यावर पहिली जाग त्या हेव्यालाच यायची.

सुभेदारांची बंदूक उसनी घेऊन धनेंद्रने पहिल्याच रविवारी पंचवीसपैकी एकोणीस तबकड्या फोडल्या होत्या. जीवनलालजी ते पाहायला गेले होते आणि रात्री जेवताना तीनदा त्यांनी तो आकडा काढला. दुसऱ्या दिवशी हेमेंद्रने परवान्याचा अर्ज केला. धनेंद्रने ज्या दिवशी केला त्याच दिवशी, त्याच खिडकीवर, धनेंद्रच्या मागे उभं राहून.

बंदूक घ्यायची म्हणजे काय काय पाहायचं असतं हे सुभेदारांनी दोघांना शिकवलं होतं. दुनळी असावी, कारण एका तबकडीला दोन बार मिळतात. एक नळी तोंडाशी मोकळी, दुसरी आवळलेली असावी, म्हणजे जवळच्या नेमाला छर्रा पसरतो आणि लांबच्याला एकवट जातो. "आणि सगळ्यात मोठी गोष्ट दस्ता," ते म्हणायचे. "दस्ता मापाचा पाहिजे. बंदूक खांद्याले लावली का डोळा आपोआप नळीवर आला पाहिजे. मान वाकवावी लागली त ते बंदूक तुही नाही, दुसऱ्याची होय."

एका संध्याकाळी धनेंद्र गोंदियाहून आला तो खुशीतच. ओसरीवर सगळे बसले होते.

"चैतरामजीच्या दुकानात जोडी पाह्यली," तो म्हणाला. "विलायती. जुन्या कोण्या जमीनदाराच्या घरची. दोन सारख्या बंदुका, एकाच पेटीत. मी सांगून आलो, गुरुवारी नेतो म्हणून. एक मी चालवीन, एक हेमेंद्र."

जीवनलालजी खूश झाले. "जोडीची बंदूक म्हणजे जोडीचे बैल," ते म्हणाले. "फोडू नये."

 बैलजोडीत दोन्ही बैल सारखंच ओढतात, एका जुवाखाली असतात, हे हेमेंद्रलाही माहीत होतं. पण त्याला ऐकू आलं ते एवढंच, की धनेंद्र घेणार आणि त्यातली एक आपल्याला देणार. जन्मभर ज्याच्या मागे राहिलो त्याने निवडलेली, त्याने आणलेली, त्याच्या मनाला येईल ती बंदूक. त्या रात्री त्याने सोनिकाला, आपल्या बायकोला, सांगितलं की बियाण्याच्या कामाने गोंदियाला जायचं आहे. आणि बुधवारी सकाळी कोहमाऱ्याहून तो बसमध्ये बसला.

चैतरामजींचं दुकान बाजारातल्या एका बोळात होतं. बाहेर पाटीसुद्धा धड वाचता येत नव्हती. आत लोखंडी कपाटं, तेलाचा वास, भिंतीला साखळीने बांधलेल्या दहा-पंधरा बंदुका. चैतरामजी सत्तरी ओलांडलेले, बारीक, डोळ्यांवर जाड चष्मा. त्यांनी परवान्याचं पुस्तक उलटसुलट पाहिलं आणि आधी सरकारी कारखान्याची एक नवी दुनळी पुढे ठेवली. हेमेंद्रने ती खांद्याला लावली. जड होती, दस्ता आखूड होता. दुसरी पाहिली, तिचा घोडा फार कडक. तिसरी बरी होती. ती खांद्याला असताना चैतरामजी समोर उभे राहिले आणि नळीवरून त्याच्या डोळ्यात बघून म्हणाले, "गर्दन झुक रही है, भैया. ही तुमची नाही."

तेवढ्यात त्याला खालच्या फळीवरची पेटी दिसली. चामड्याची, कोपऱ्यांना पितळ. तिच्यावर कागदाची चिठ्ठी होती: धनेंद्र बिसेन, गुरुवार.

"ते दाखवा," तो म्हणाला.

"ती गेली."

"गेली नाही. भाऊ होय माहा तो. एकाच घरचे आहोत."

चैतरामजींनी कुरकुरत पेटी उघडली. लाल मखमलीत दोन बंदुका एकमेकींकडे पाठ करून झोपल्या होत्या. अक्रोडाचा दस्ता, त्यावर मधासारख्या रेषा. दोन्ही नळ्यांच्या मधल्या पट्टीवर, मागच्या बाजूला, सोन्यात कोरलेला एकेक आकडा. एकीवर एक, दुसरीवर दोन. बाकी केसाचाही फरक नव्हता.

"जोडी तोडून मी विकत नाही," चैतरामजी म्हणाले. "एकोणीस वर्षं इथंच आहे, पण तोडली नाही."

"तोडत नाही. एक मी नेतो, एक उद्या तो नेईल. घर एकच."

"और मैदान?"

"मैदान पण एकच."

म्हाताऱ्याने पेटीतल्या दोन्ही बंदुका बाहेर काढल्या. "तो फिर ठीक है," तो म्हणाला. "दोघींना लांब ठेवू नका. कौनसी दूँ?"

हेमेंद्रने क्षणाचाही वेळ घेतला नाही. "एक नंबरची," तो म्हणाला.

बंदूक खांद्याला लावली आणि त्याचा डोळा आपोआप नळीवर आला. मान वाकली नाही. हात, गाल, खांदा, सगळं जागच्या जागी बसलं. त्याला असं मापाचं आजवर काही मिळालं नव्हतं, कपडेसुद्धा धनेंद्रचे आखूड झालेले मिळायचे. परतीच्या बसमध्ये तो कापडी खोळीतली बंदूक मांडीवर घेऊन बसला आणि मनातल्या मनात धनेंद्रचा चेहरा पुन्हा पुन्हा पाहत राहिला.

तो चेहरा काही त्याला मिळाला नाही. धनेंद्रने बंदूक पाहिली आणि तो हसला. "सांगाचं तरी, सोबतच गेलो असतो," म्हणाला आणि दुसऱ्या दिवशी जाऊन आपली घेऊन आला. हेमेंद्रने जिंकलेली बाजी अशी हातातल्या हातात विरघळली.

पहिल्या रविवारी दोघं मैदानावर गेले. सकाळचं धुकं बोडीवरून उठलं नव्हतं. नेमबाजांच्या पाच जागा चुन्याने आखलेल्या होत्या. हेमेंद्र तिसऱ्या जागेवर उभा राहिला, त्याने "हां" म्हटलं, दोरी ओढली गेली, बशी उडाली. त्याला वाटलं नेम बरोबर लागला. बशी तशीच पुढे जाऊन धुरोळ्यात पडली. पुढचीही. धनेंद्रच्या बश्या मात्र हवेत धूर होत होत्या. शेवटी हेमेंद्रच्या अकरा झाल्या, धनेंद्रच्या तेवीस.

घरी आल्यावर ओसरीवर दोघं बंदुका साफ करायला बसले. हेमेंद्रने गजाला चिंधी बांधून नळीतून फिरवली. चिंधी पांढरीशुभ्र बाहेर आली. दुसऱ्या नळीतूनही तशीच. त्याने नळ्या उजेडाकडे धरल्या. आत आरशासारखं लखलखत होतं. पंचवीस तबकड्यांना जवळजवळ पन्नास काडतुसं उडवली होती त्याने.

"माह्या नळीत त चूल पेटवल्यावानी काजळी आहे," धनेंद्र म्हणाला. त्याने चार चिंध्या काळ्या केल्या होत्या आणि पाचवी घेतली होती. "दोघांची मीच उडवली काय गा?"

तो हसला. हेमेंद्रला हसू आलं नाही. तो पांढऱ्या चिंधीकडे बघत बसला. दारू चांगली असेल, जुन्या कारागिरीची नळी असेल, अशी कारणं त्याने स्वतःला दिली. तो काही भुताखेतांवर विश्वास ठेवणारा माणूस नव्हता. बारावीला त्याला पदार्थविज्ञानात साठ गुण होते. धनेंद्रला एकसष्ट.

पुढच्या मंगळवारी त्याने सकाळी कपाट उघडलं. सुभेदारांची शिकवण होती की बंदूक हातात घेतली की आधी मोडून बघायची. त्याने ती मोडली. दोन्ही नळ्यांत काडतुसं होती.

 काडतुसं वेगळ्या पेटीत, पेटीला कुलूप, किल्ली त्याच्या करगोट्याला. घरात लहान लेकरं होती. सोनिकाने पाहिलं आणि ती भडकली. "भरलेली ठेवता? वेड लागलं काय तुमाले?"

"मी नाही ठेवली."

"मंग तिनंच भरली असन."

बुधवारी पुन्हा भरलेली. गुरुवारी त्याने काडतुसांची पेटीच सुभेदारांकडे नेऊन ठेवली. शुक्रवारी सकाळी बंदूक मोडली तर दोन्ही नळ्यांत काडतुसांची पितळी बुडं चकाकत होती, अगदी नीट बसवलेली, जशी कोणी रोजच्या सवयीने बसवतं. त्याने ती काढून कोंड्याच्या ढिगात पुरली आणि घरात कोणाला सांगितलं नाही. सांगितलं तर धनेंद्रला कळणार, आणि धनेंद्रला आपली कीव येणार. कीव सोडून हेमेंद्रला काहीही चाललं असतं.

डिसेंबरच्या दुसऱ्या रविवारी सुभेदार एकदम ओरडले, "हेमेंद्र, तिथं काऊन उभा राह्यला?"

त्याने खाली पाहिलं. आपण तिसऱ्या जागेवर उभे आहोत अशी त्याची पक्की समजूत होती. पण चुन्याची रेघ त्याच्या पायाखाली नव्हती. तो पहिल्या जागेजवळ होता, धनेंद्रच्या उजव्या खांद्यामागे, एक पाऊल अंतरावर. बंदूक त्याने आडवी धरली होती, दस्ता पुढे, कोणाला द्यायची असते तशी.

"चालत्या खेळात माणसाच्या मागं बंदूक घेऊन उभं राह्यतात काय?" सुभेदार संतापले होते. "पुन्हा दिसला त मैदानात पाय नाही ठेवू देणार."

धनेंद्रने मागे वळून पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. "मले माहीत होतं तू मागं आहेस," तो हळूच म्हणाला. "तू असला का नेम चांगला लागते. काऊन ते नाही समजत."

त्या दिवशी घरी आल्यावर बंदूक पुसताना हेमेंद्रचं लक्ष पट्टीवर गेलं. सोन्यात कोरलेला आकडा दोन होता.

त्याने फडक्याने घासलं. नखाने खरवडलं. दोन.

तो तसाच धनेंद्रच्या खोलीत गेला. "बंदूक बदलली काय?"

"काऊन बदलू?"

"माह्यावर दोन आहे."

धनेंद्र गोंधळला. "दोनच होता ना गा. पह्यल्या दिवसापासून." मग तो जरा लाजल्यासारखा झाला. "मले त वाटलं होतं, तू मुद्दाम एक माह्यासाठी सोडली. तुले मनातल्या मनात मोठा म्हणत होतो मी."

हेमेंद्रने परवान्याचं पुस्तक काढलं. चैतरामजींच्या हातचा बंदुकीचा कारखाना-क्रमांक त्यात होता. त्याने तो नळीखालच्या क्रमांकाशी ताडून पाहिला. एकही अंक वेगळा नव्हता. खाडाखोड नव्हती.

"तुले एक पाह्यजे त घे ना माही," धनेंद्र म्हणाला. "कचेरीत जाऊन पुस्तकावर बदलून घेऊ. मले का, कोनतीही चालते."

कोणतीही चालते. ज्याला सगळंच मिळतं त्याला कोणतंही चालतं. हेमेंद्रच्या पोटात आग पेटली. "तुह्या हातची भीक नाही पाह्यजे मले," तो म्हणाला आणि निघून गेला. तेव्हा त्याने हो म्हटलं असतं तर काय झालं असतं कोण जाणे. पण हो म्हणणारा माणूस हेमेंद्र नव्हता.

दुसऱ्या दिवशी तो गोंदियाला गेला. चैतरामजी त्याला पाहून उठलेही नाहीत.

"मी एक नंबरची मागितली होती," हेमेंद्र म्हणाला.

"नाही, भैया. मैंने दो बार पूछा. दोनदा तुम्ही म्हणाले, दुसरी द्या. मला नवल वाटलं, दुसरी कोणी मागून घेत नाही."

"काऊन? जोडी त सारखी असते. बैलाची असते तशी."

म्हाताऱ्याने चष्मा काढून पुसला. "बैलांची नाही ही. साहेब लोकांची. एक साहेबाच्या हातात. दुसरी भरून घेऊन मागे माणूस उभा, उजव्या खांद्याकडे. साहेबाने दोन बार उडवले की रिकामी मागे द्यायची, भरलेली पुढे घ्यायची. मुडके देखना नहीं. हात मागे केला की बंदूक हातात. मागच्याचा हात रिकामा राहिला नाही पाहिजे, बस एवढंच त्याचं काम."

"कोन होता तो मानूस?"

"अब उसका नाम कौन लिखता है," चैतरामजी म्हणाले.

 मग हेमेंद्रने विचारलं, ही परत घेता काय. चैतरामजींनी मान हलवली. एकटी घेणार नाही, दोन्ही आणा, आजच घेतो, असं ते म्हणाले. त्यांना घाई असल्यासारखी वाटली.

म्हणजे करायचं एवढंच होतं, धनेंद्रला सांगायचं. तो काही न विचारता आपली बंदूक आणून देणार, हेमेंद्रला ठाऊक होतं. हसत देणार. आणि मग घरादारात होणार की हेमेंद्र घाबरला म्हणून धनेंद्रने आपला खेळ सोडला. जीवनलालजी चार पाहुण्यांना ते सांगणार. बस गोरेगाव ओलांडून पुढे आली तोवर हेमेंद्रचं ठरलं होतं. द्यायला तयार बसलेल्या माणसाकडे मागण्याइतकं अवघड काम त्याला आयुष्यात दुसरं माहीत नव्हतं. सव्वीस जानेवारीला मैदानावर मोठी स्पर्धा होती, भंडाऱ्याचे आणि बालाघाटचे लोक येणार होते. त्या दिवशी एकदाच वडिलांनी आपला आकडा जेवताना घ्यावा, मग बंदूक बोडीत टाकून देऊ, असं त्याने मनाशी म्हटलं.

मधले रविवार एकासारखे एक गेले. हेमेंद्रचा आकडा उतरत गेला, अकराचे आठ, आठाचे चार. त्याच्या नळ्या स्वच्छ. धनेंद्रच्या काळ्या. धनेंद्र आताशा गप्प राहायचा. एकदा म्हणाला, "मी दोन बार उडवतो, आन् खांद्याले धक्का नाही लागत मले. तुले लागते काय?" हेमेंद्रचा खांदा निळा पडला होता. तो म्हणाला, "नाही."

सव्वीस जानेवारीला ऊन स्वच्छ पडलं होतं. ढाब्यांवरची गाणी शेतापर्यंत ऐकू येत होती. जीवनलालजी पांढरं धोतर नेसून पहिल्या खुर्चीवर बसले होते. पाहुण्यांनी विचारलं तेव्हा त्यांनी धनेंद्रकडे बोट दाखवलं आणि सांगितलं, "आमचा पोरगा."

हेमेंद्र त्यांच्यापासून हातभर अंतरावर उभा होता.

त्याची पाळी आधी झाली. पंचवीसपैकी एकही बशी फुटली नाही. कोणी हसलं नाही, कारण कोणाचं लक्षच नव्हतं. लोक चहा घेत होते. सुभेदारांनी त्याचा आकडा पुकारलाही नाही.

मग धनेंद्र जागेवर गेला.

हेमेंद्र चालू लागला. आपण चालत आहोत हे त्याला या वेळी कळत होतं. चुन्याची रेघ त्याने ओलांडली. उजवा खांदा. एक पाऊल. तिथली जमीन दोन तळपायांच्या मापाने दबलेली होती.

सुभेदारांनी पाहिलं. त्याच्यावर ओरडावं असं त्यांना वाटलं नाही. ते वहीत बघू लागले.

समोर धनेंद्रची पाठ होती. घामाने ओला झालेला शर्ट, मानेवरचं गंध पुसलेलं. ही पाठ हेमेंद्रने पस्तीस वर्षं पाहिली होती. शाळेच्या रांगेत, बांधावर, खिडकीवर. तिच्यापलीकडे काय आहे हे त्याला कधी दिसलं नव्हतं.

बंदूक भरलेली होती. असायचीच.

त्याने ती खांद्याला लावली. मान वाकली नाही. डोळा नळीवर आला, नळीचं टोक त्या पाठीवर आलं. चुकून सुटली, असं तो म्हणणार होता. भाऊ होता माझा, असंही म्हणणार होता. शब्द तयार होते.

"हां," धनेंद्र म्हणाला.

हेमेंद्रने घोडा दाबला.

आवाज त्याच्या बंदुकीतून आला नाही. पुढून आला. आभाळात बशीचा करडा धूर झाला. हेमेंद्रच्या खांद्याला जोराचा धक्का बसला आणि तो अर्धं पाऊल मागे सरकला.

त्याने दुसरा घोडा दाबला. पुढे दुसरा बार झाला. धुरातून पडणारा एक तुकडासुद्धा हवेत फुटला.

लोक ओरडले.

त्याने बंदूक मोडली. दोन्ही काडतुसं रिकामी होती, हाताला चटका बसेल इतकी गरम. नळ्या स्वच्छ होत्या.

धनेंद्रची रिकामी बंदूक उजव्या हाताने मागे आली. डावा हात मागे आला, तळवा वर, उघडा. तो वळला नाही.

"दुसरी," तो म्हणाला.

त्याचा आवाज नेहमीचाच होता. तो आता नावाने हाक मारत नव्हता एवढंच.

हेमेंद्रचे हात हलले. कोणत्या खिशातून काडतुसं निघाली, केव्हा बसली, त्याने पाहिलं नाही. बंदूक मिटल्याचा मऊ आवाज झाला. दस्ता त्या उघड्या तळव्यात नीट बसला.

आणि तेव्हा त्याला कळलं की पोटातली आग नाही. शोधून पाहिलं तरी नाही. पुढची बशी फुटली तेव्हा त्याला आनंद झाला, साधा, स्वच्छ आनंद. त्याच्या पुढची फुटली तेव्हा आणखी झाला. त्याला एवढंच बघायचं होतं की तो हात मागे येईल तेव्हा रिकामा राहू नये.

पंचवीसपैकी पंचवीस झाल्या. जीवनलालजी उठून उभे राहिले आणि धोतराच्या सोग्याने त्यांनी डोळे पुसले.

दुपारी घरी मोठा बेत होता. रामकलीबाईंनी, हेमेंद्रच्या आईने, पहाटेपासून वडे तळले होते. भंडाऱ्याचे दोन पाहुणे आले होते. ओसरीवर पाट मांडले गेले, मधल्या पाटावर धनेंद्र बसला, त्याच्या एका बाजूला जीवनलालजी, दुसरीकडे पाहुणे. लोक जिंकलेल्या खेळाविषयी बोलत होते. धनेंद्र हसत होता, पण मधूनच थांबून उजवीकडे किंचित कान देत होता आणि मग पुन्हा बोलायला लागत होता.

हेमेंद्र त्याच्या मागे उभा होता. त्याला भूक नव्हती. पाय दुखत नव्हते.

सोनिका ताटं मांडत आली. पाहुण्यांना, सासऱ्यांना, धनेंद्रला, लेकरांना. शेवटी तिच्या हातात एक ताट उरलं. ती थांबली. पंगतीवरून तिने एकदा नजर फिरवली. ती नजर धनेंद्रच्या मागे उभ्या असलेल्या हेमेंद्रवरून गेली, भिंतीवर गेली, तिथून परत आली.

"हे एक जास्तीचं कसं काढलं मी," असं पुटपुटत तिने ते आत नेऊन फळीवर उपडं ठेवलं.